बंद पाळणाघराची किंमत

फेब्रुवारी २०२२च्या पहिल्या आठवड्यात दिल्लीतल्या मयूर विहारमधल्या एका सोसायटीच्या नोटीस बोर्डावर कागद लागला. सोसायटीच्या जागेत चालणाऱ्या सगळ्या व्यवसायांनी, म्हणजे इस्त्रीवाला, योगाचा क्लास, ब्यूटी पार्लर आणि पाळणाघर यांनी, कोरोनात बंद राहिल्यामुळे झालेलं नुकसान लेखी कळवावं, कमिटी भाड्यात सूट देण्याचा विचार करील, असं त्यात लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ होती. पाळणाघराची जागा मात्र ‘परिस्थिती पूर्णपणे नॉर्मल होईपर्यंत’ बंदच राहील.

विजयालक्ष्मी करंदीकरनं तो कागद दोनदा वाचला. पाळणाघर तिचं होतं. सोसायटीच्या ऑफिसमागच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ती ते एकोणीस वर्षं चालवत होती. मार्च २०२० मध्ये त्या खोल्यांना कुलूप लागलं तेव्हा तिच्याकडे सोळा मुलं होती. पुढे मेट्रो सुरू झाली, मॉल उघडले, आता तर सरकारी ऑफिसांत पूर्ण हजेरी सुरू झाली होती. त्या दोन खोल्यांचं कुलूप तेवढं कुणी काढलं नव्हतं, आणि चावी कमिटीकडे होती.

तिचे यजमान श्रीरंग सरकारी सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेले. कागदाचा फोटो दाखवल्याबरोबर त्यांनी चष्मा लावला.

“सोपं आहे गं. तेवीस महिने. महिन्याची फी गुणिले सोळा मुलं, वजा भाडं, वजा फूलवतीचा पगार, वजा दूध-खाऊ. अर्ध्या तासात देतो करून.”

त्यांनी खरंच अर्ध्या तासात करून दिलं. खाली दोन रेघा ओढून आकडाही लिहिला. विजयालक्ष्मीनं तो पाहिला आणि कागद बाजूला सारला.

“हे तर फक्त माझं झालं.”

“मग नोटीस तुलाच आलीय ना?”

“अहो, माझं काय बुडालं? तुमची पेन्शन आहे, मी दोन वर्षं घरी बसून लोणची घातली. नुकसान माझं झालंच नाही फारसं. ज्यांचं झालं त्यांना कुणी नोटीसच काढली नाही.”

श्रीरंगना बायकोचा हा स्वर ओळखीचा होता. अशा वेळी वाद घालण्यात अर्थ नसतो, हेही त्यांना माहीत होतं. “मग काय करायचं म्हणतेस?” एवढंच त्यांनी विचारलं.

“सगळ्यांना विचारणार. सोळाही घरांना.”

पहिला फोन तिनं फूलवतीला लावला. फूलवती तिच्याकडे बारा वर्षं होती. रडणारं मूल कुठल्या कुशीवर निजवलं की गप्प होतं, हे आईलाही कळायच्या आत तिला कळायचं. पहिल्या लॉकडाऊनमध्ये ती बदायूंजवळच्या आपल्या गावी गेली होती. आता येशील का, असं विचारल्यावर ती हसली. “दीदी, अब तो दो भैंस हैं. इन्हें किसके भरोसे छोड़ूँ?” पुढची दहा मिनिटं ती एकेका मुलाची नाव घेऊन चौकशी करत राहिली. तशी बाई आता मिळणार नव्हती. विजयालक्ष्मी फोन ठेवून उठली, आणि मास्क लावून निघाली.

आठ दिवस ती हिंडली. कुणाच्या दारात उभी राहून बोलली, कुणाशी खाली बाकावर बसून. ज्यांनी घर बदललं होतं त्यांना फोन केले. हितेश नावाच्या एका बापानं, बायकोची नोकरी टिकावी म्हणून स्वतः कायमची रात्रपाळी घेतली होती. दीड वर्षात दिवसा सलग चार तास झोप त्याला मिळाली नव्हती. एका घरानं मुलीला दहा महिने अकोल्याला आजीकडे ठेवलं होतं, आणि परत आल्यावर मुलगी दोन आठवडे आईजवळ झोपायला तयार नव्हती. स्वरूपा नावाची, कापडाची डिझाइनं करणारी एक तरुण आई अर्ध्या कामावर आली होती. “काकू, लॅपटॉप मांडीवर, पोरगी लॅपटॉपवर,” ती म्हणाली. हसत म्हणाली, पण डोळ्यांखाली काळं झालं होतं.

सगळ्यात जास्त वेळ ती बसली क्रांती वाघमारेकडे. क्रांती परभणीची. शिकून-सवरून नोएडातल्या औषध तपासणाऱ्या एका लॅबमध्ये लागलेली, घराण्यातली पहिली मुलगी. नवरा केंद्र सरकारात, त्याला रजा मिळणं कठीण. लॉकडाऊन लागला तेव्हा त्यांचा चैतन्य एक वर्षाचा होता. ऑक्टोबर २०२० मध्ये लॅबनं सगळ्यांना परत बोलावलं आणि क्रांतीनं राजीनामा दिला.

“रजा नाही मागितलीस?” विजयालक्ष्मीनं विचारलं.

“मागितली ना. सर चांगले होते. म्हणाले, बिनपगारी देतो, पण किती दिवस ते सांग. काकू, मी काय सांगणार? मी तुम्हाला फोन केला होता, आठवतं?”

विजयालक्ष्मीला आठवलं. तिनं सांगितलं होतं, बघू, कमिटी काय म्हणते ते.

“तुमची चूक नाही त्यात,” क्रांती लगेच म्हणाली. “पण कुणी मला सांगितलं असतं ना, की मार्चमध्ये उघडणार, किंवा अगदी जूनमध्ये, तर मी आईला बोलावलं असतं. शेजारणीला हात जोडले असते. काहीतरी करून तेवढे दिवस काढले असते. बंदचं मला काही नव्हतं वाटत. बंद ठेवायलाच हवं होतं तेव्हा. पण तारीखच नव्हती. तारखेशिवाय कोण कुणाची खुर्ची राखून ठेवतं?”

चैतन्य आता तीन वर्षांचा झाला होता. तो आईच्या ओढणीआडून पाहत होता. विजयालक्ष्मीनं हात पुढे केला तर तो आत पळाला.

घरी येऊन तिनं श्रीरंगना सगळं सांगितलं आणि ते लिहीत गेले. सोळा घरं. सहा आयांनी नोकरी सोडली. तिघी अर्ध्या कामावर आल्या. एक बाप रात्रपाळीत गेला. एक मूल परगावी राहिलं. उरलेल्या पाच घरांनी आजी-आजोबांच्या नाहीतर घरून कामाच्या जोरावर कसंबसं निभावलं. श्रीरंगनी बुडालेल्या पगारांची बेरीज केली, पुन्हा तपासली, आणि बायकोकडे वेगळ्याच नजरेनं पाहिलं.

“विजू, दर महिन्याला तुझं जे बुडालं, त्याच्या एकोणीस पट ह्या घरांचं बुडालं. आणि तू त्यांच्याकडून केवढीशी फी घ्यायचीस! आयुष्यभर मी दुकानांचे आकडे दुकानातच गोळा केले गं. गिऱ्हाइकाच्या घरात डोकवायचं कधी सुचलं नाही.”

“आता दुसऱ्या बाजूचं लिहा.”

“दुसऱ्या कुठल्या?”

“आपल्या सोसायटीत मागच्या एप्रिल-मेमध्ये अकरा माणसं गेली. ते ह्याच कागदावर पाहिजे. नाहीतर लोक म्हणतील, बाईला पैशाचंच पडलंय. आणि बरोबर म्हणतील.”

श्रीरंगनी पेन खाली ठेवलं. “ते ह्याच्याशेजारी कसं मांडू? एकीकडे रुपये, एकीकडे माणसं. ह्याचं माप एक नाही होत.”

“नको होऊ दे. नुसतं लिहा. अकरा.”

त्यांनी लिहिलं.

पाळणाघराच्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये अण्णासाहेब राहत. पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर, वय चौऱ्याहत्तर. त्या अकरांत त्यांची पत्नी गंगुबाई होती. वीस तारखेच्या रविवारी सर्वसाधारण सभा होती, विजयालक्ष्मी तिथं पाळणाघर उघडायची मागणी करणार होती आणि अण्णासाहेब विरोध करणार, हे सगळ्या सोसायटीला माहीत होतं. विजयालक्ष्मी आदल्या बुधवारी सकाळी स्वतःच त्यांच्याकडे गेली.

दार उघडून अण्णासाहेब तिथंच उभे राहिले. “वहिनी, मतं मागायला आला असाल तर वेळ वाया जाईल. मी विरोधच करणार आहे.”

“करा. पण कशासाठी करणार ते आज सांगा. म्हणजे मला तयारी करता येईल.”

ते थोडे गोंधळले. मग त्यांनी तिला आत बोलावलं, खिडकी उघडली आणि दोन खुर्च्या लांब लांब ठेवल्या. श्रीरंगनी केलेला कागद त्यांनी पूर्ण वाचला. ‘अकरा’पाशी त्यांचं बोट थांबलं.

“हा हिशेब चुकीचा नाही,” ते म्हणाले. “पण अपुरा आहे. उघडताना सगळे शूर असतात, वहिनी. बंद कोण करतो? मागच्या एप्रिलमध्ये सात तारखेला आपल्या हॉलमध्ये लग्न झालं. चार घरांत तेव्हा ताप होता. कमिटीला ठाऊक होतं. सेक्रेटरी बत्राजी म्हणाले, पत्रिका गेल्यात, आता कसं नाही म्हणायचं. केटररचे पैसे दिलेत. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता. गंगू त्या लग्नाला गेली होती. मीच म्हटलं होतं, जा, तेवढंच बरं वाटेल.”

अण्णासाहेबांनी कागद घडी करून तिला परत दिला.

“तुमचं पाळणाघर उघडेल,” अण्णासाहेब पुढे म्हणाले, “आणि एक दिवस एक पोर तापेल. त्याची आई म्हणेल, दात येतायत. तुम्हाला वाटेल, आजचा दिवस जाऊ दे. कारण तुमचं मन मऊ आहे आणि त्या आईची नोकरी तुम्ही ह्या कागदावर मोजलेली आहे. मग?”

“मग मी चुकीन,” विजयालक्ष्मी म्हणाली. “खरंय तुमचं. मी त्या दिवशी नक्की चुकीन.”

ती घरी आली ती विचार करतच. एकीकडे क्रांतीची तारीख, एकीकडे अण्णासाहेबांचा प्रश्न. दुपारभर तिनं स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभं राहून एका जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर काहीबाही खरडलं. संध्याकाळी ती श्रीरंगना म्हणाली, “झालं. आता मला मुळीच भीती नाही.”

रविवारी सकाळी मधल्या लॉनवर खुर्च्या मांडल्या होत्या. ऊन छान होतं. सत्तरेक माणसं आली होती, निम्म्यांचे मास्क हनुवटीवर. सेक्रेटरी बत्राजी माइकवर बोलत होते. पाळणाघराचा विषय आला तेव्हा ते मायेनं म्हणाले, “भाभीजी, हमने तो आपका दो साल का पूरा किराया माफ़ करने का सोचा है.”

“किराया मैं दे दूँगी, बत्राजी,” विजयालक्ष्मी उभी राहून म्हणाली. “मुझे माफ़ी नहीं, चाबी चाहिए.”

लोक हसले. ती हसली नाही. तिनं कागद वाचून दाखवला, आधी अकराचा आकडा, मग सोळा घरं. नावं घेतली नाहीत, पण ज्यांची होती त्यांनी आपापली घरं ओळखली. मग तिनं आपली योजना सांगितली. सोळाऐवजी नऊच मुलं. सकाळचे तीन तास लॉनवर, बाकी वेळ खिडक्या उघड्या. काम करणाऱ्या सगळ्या बायका लस घेतलेल्या. आणि मुख्य म्हणजे, पाळणाघराशी संबंधित दोन घरांत कोरोना निघाला की पुढच्या कामाच्या दिवसापासून चौदा दिवस बंद. पंधराव्या दिवशी उघडणार. दोन्ही तारखा एकाच नोटिशीवर, पहिल्याच दिवशी.

“आणि हे ठरवणार मी नाही,” ती म्हणाली. “कमिटीही नाही. कमिटीला पत्रिका आवरत नाहीत, मला आयांना ‘नाही’ म्हणवत नाही. बंद करायचा अधिकार अण्णासाहेबांना द्यावा, अशी माझी सूचना आहे. ते म्हणतील बंद, की मी कुलूप लावीन. एक शब्द बोलणार नाही.”

बत्राजींचा चेहरा उतरला. सगळे अण्णासाहेबांकडे वळून पाहू लागले. त्यांना हे तिनं आधी सांगितलेलं नव्हतं. ते सावकाश उठले.

“मेरा वोट ख़िलाफ़ ही रहेगा,” ते म्हणाले. मग मराठीत, फक्त तिला, “पण ठराव झाला तर हे काम मी घेतो.”

हात वर झाले. बाजूनं एक्केचाळीस, विरोधात सत्तावीस. सत्ताविसांत अण्णासाहेबांचा हात सगळ्यात उंच होता.

सभा जिंकणं सोपं गेलं, नऊ मुलं निवडणं अवघड. जुन्या सोळांपैकी निम्मी आता पाळणाघराच्या वयाची उरलीच नव्हती, ती शाळेत जायला लागली होती. त्यांच्या आयांच्या सोडलेल्या नोकऱ्यांचं आता काहीच करता येण्यासारखं नव्हतं. पण दोन वर्षांत सोसायटीत नवी बाळं झाली होती. नऊ जागांना सतरा नावं आली. जुनी ओळख धरायची नाही, ज्या घराची नोकरी ह्या महिन्यात जाऊ शकते त्याला आधी घ्यायचं, असं विजयालक्ष्मीनं ठरवलं. स्वरूपाचं काम घरून चालत होतं, अर्धं का होईना. तिच्या मुलीचं नाव यादीत आलं नाही.

“आणि क्रांतीताईचं कसं आलं?” स्वरूपानं जिन्यातच गाठून विचारलं. “तिला तर नोकरीच नाही!”

“नोकरी शोधायलाही हात मोकळे लागतात गं.”

“म्हणजे मी कसंबसं टिकवून धरलं ही माझी चूक?”

आपला निर्णय बरोबर आहे असं विजयालक्ष्मीला वाटत होतं, आणि स्वरूपाचा राग बरोबर आहे असंही वाटत होतं. पहिली जागा रिकामी होईल ती तुझी, एवढंच ती म्हणाली. स्वरूपा पुढचे दोन महिने तिच्याशी बोलली नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी कुलूप निघालं. आत पाण्याच्या टाकीखाली भिंतीला ओल आली होती, दोन पाळण्यांची कडी गंजली होती, पुस्तकं झुरळांनी कुरतडली होती. आठवडाभर श्रीरंग आणि दोन नव्या बायका साफसफाई करत होते, आणि सात मार्चला पाळणाघर उघडलं. नव्या बायका चांगल्या होत्या, पण फूलवतीसारख्या नव्हत्या. पहिल्या दिवशी नऊही मुलं एकदम रडली. घराबाहेरचं माणूस त्यांतल्या बहुतेकांनी तोंडावर कापड बांधलेलंच पाहिलं होतं. चैतन्य तीन दिवस रडला. चौथ्या दिवशी त्यानं दुसऱ्या एका मुलाच्या डब्यातला पराठा हिसकावला, आणि विजयालक्ष्मीनं क्रांतीला फोन करून सांगितलं, “रुळला हो तुझा मुलगा.”

क्रांतीला जुन्या लॅबमध्ये जागा मिळाली नाही. ती केव्हाच भरली होती. मार्चच्या शेवटी तिला फरीदाबादच्या एका लॅबमध्ये काम मिळालं. पगार आधीपेक्षा कमी, मेट्रोनं दोनदा बदलून दीड तास, आणि सहा महिने प्रोबेशन. “चार वर्षं मागे गेले, काकू,” ती म्हणाली. “पण लाइनीत परत आले.”

सोळा एप्रिलला, शनिवारी सकाळी, पहिल्या घरातून कोरोनाचा रिपोर्ट आला. दुपारी दुसऱ्या घरातून फोन आला. तिथल्या बाईनं घरच्या किटवर तपासलं होतं आणि रेघ पुसट होती. इतर आईबापांनी ग्रुपवर लिहायला सुरुवात केली. घरचं किट धरायचं का? लॅबमधून करून घ्या. सोमवारपर्यंत थांबू. विजयालक्ष्मीलाही मनातून थांबावंसं वाटत होतं. क्रांतीचं प्रोबेशन नुकतं सुरू झालं होतं. हितेशकडे नवं बाळ आलं होतं आणि प्रसूतीची रजा संपवून बायको त्याच आठवड्यात कामावर परतली होती.

ती वर अण्णासाहेबांकडे गेली. “रेघ पुसट आहे म्हणतात,” तिनं सांगितलं.

“रेघ आहे का?”

“आहे.”

“बंद.”

ती एक शब्द बोलली नाही. खाली आली आणि मोठ्या अक्षरांत नोटीस लिहिली. सोमवार, अठरा एप्रिलपासून बंद. सोमवार, दोन मे, सकाळी आठला उघडेल. नोटिशीचा फोटो तिनं ग्रुपवर टाकला, आणि मग एकेका घराला स्वतः फोन केला.

क्रांतीनं फोन घेतला तेव्हा ती बाजारात होती. “दोन मे नक्की ना, काकू?”

“नक्की.”

“आत्ताच सरांना कळवते.”

अर्ध्या तासानं तिचाच फोन आला. साहेबांनी आधी तोंड वाकडं केलं होतं. मग किती दिवस, असं विचारलं. तिनं नोटिशीचा फोटोच पाठवला. पहिला आठवडा तिनं रात्रीचे रिपोर्ट लिहायचं काम घरून घ्यायचं, दुसऱ्या आठवड्यात नवरा रजा काढणार, असं ठरलं. सोमवारी नवऱ्याच्या ऑफिसनंही तारीख बघितली आणि रजेवर सही केली. हितेशनं आपल्या सासूबाईंना चौदा दिवसांसाठी झाशीहून आणलं, परतीचं तिकीट काढूनच.

ते दोन आठवडे सोपे गेले नाहीत. विजयालक्ष्मीनं दोन्ही बायकांचा पगार चालू ठेवला, आणि रोज संध्याकाळी नऊ घरांना फोन करून कुणाला ताप आहे का ते विचारलं. आणखी तीन घरांत लागण निघाली, सगळी सौम्य. सोसायटीत इतर कुठे पसरलं नाही. एकाही घरातून ह्या वेळी राजीनामा गेला नाही. एका घराची मात्र ह्याच दिवसांत पुण्याला बदली झाली आणि एक जागा रिकामी झाली. विजयालक्ष्मी त्याच संध्याकाळी स्वरूपाच्या दारात जाऊन उभी राहिली. स्वरूपानं ऐकून घेतलं, दार पूर्ण उघडलं आणि म्हणाली, “आत या ना काकू. चहा टाकते.”

एक मेला रात्री नऊ वाजता अण्णासाहेबांचा मेसेज आला. ‘उद्या उघडा.’

दोन मेला सकाळी आठच्या आधीच खाली स्कूटरींची आणि बाबागाड्यांची गर्दी झाली होती. मे महिन्याचं ऊन आत्तापासूनच तापलं होतं, म्हणून विजयालक्ष्मीनं चटया लॉनच्या सावलीतल्या कडेला घालायला सांगितल्या. स्वरूपाची मुलगी नवीन म्हणून सगळ्यात मोठ्यानं रडत होती. क्रांतीनं चैतन्यला आत सोडलं, घड्याळात पाहिलं, आणि मेट्रोच्या दिशेनं जवळजवळ पळतच निघाली. फाटकापर्यंत जाऊन ती परत आली.

“काकू, डब्यात थालीपीठ आहे. दही वेगळं दिलंय.”

“जा गं तू,” विजयालक्ष्मी म्हणाली. “तुझी गाडी जाईल.” आणि रडणाऱ्या मुलीला कडेवर घेऊन ती चटईकडे वळली.